औषध म्हणायचं नाही

भोकरदनच्या स्टँडवर अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझी वळकटी स्वतः एसटीत चढवली. मी अंबड तालुक्यातल्या एका सेंद्रिय शेतावर निघालो होतो. शेती करू पाहणाऱ्यांना तिथं राहून शिकता येतं. आमची केदारखेड्याला पिढीजात शेती. ती करायची म्हणून मी संभाजीनगरची वर्तमानपत्रातली नोकरी सोडली होती. सोबत आलेले शेजारचे भगवानकाका म्हणाले, "काय रे, मासा पवायच्या क्लासला निघाला का?" अप्पा हसले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "जल्दी शिकून ये. विहिरीजवळचा तुकडा तुहा. त्यात तू म्हणशील तसं."

शेतावर आम्ही पत्र्याच्या लांब खोलीत राहायचो. सकाळी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत ढवळायचं. अंघोळीनंतरही हाताचा वास जायचा नाही. पुण्याहून आलेला इंजिनिअर भाकरीसुद्धा चमच्यानं खायचा. नियम फारसे नव्हते. एक मात्र कडक होता. कीटकनाशकाला औषध म्हणायचं नाही. शिकवणाऱ्या ताई सांगायच्या, "औषध आजाऱ्याला देतात. हे विष आहे, विषच म्हणा." कोणी चुकलं की बाकीचे ओरडायचे. सगळ्यात जास्त मी चुकायचो. आमच्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता. हळूहळू जीभ वळली.

पोळ्याला घरी गेलो. जेवताना अप्पा म्हणाले, "काल कपाशीला औषध मारलं. पाठ भरून आली."

"विष म्हणायचं, अप्पा."

शेतावर म्हणायचो तसंच, सवयीनं निघालं. अप्पांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, "बराबर. मंग तुमा भावंडायला आजवर इषावरच वाढवलं म्हन की."

मायनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. त्यांनी ती खाल्ली.

प्रशिक्षण संपल्यावर मी फोनवर तुकड्याचं विचारलं.

"तो नको मागू," अप्पा म्हणाले. "इषाची जमीन हाय ती. तू चांगली पाह्य कुठंतरी."

आवाजात राग नव्हता. पुढच्या हंगामात तिथं त्यांनी कपाशी लावली.

मी अंबडकडेच थांबलो. प्रशिक्षणाच्या शेताला लागून एक एकर बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, कसतो. गावात राहिलेले विचारतात, परत कधी येणार. बरोबर शिकलेले, आता आपापल्या गावी गेलेले विचारतात, जावंसं वाटतं का.

अप्पांचा फोन येतो. पाऊस, भावाचं काम, मायचे गुडघे. फवारणीच्या दिवसांत म्हणतात, "आज शेतात काम होतं." कसलं, ते सांगत नाहीत. मी विचारत नाही. ते औषध म्हणत नाहीत, मी विष म्हणत नाही. तेवढी जागा मोकळी सोडून जे बोलता येतं, त्याला मी सध्या घर म्हणतो.