तेल पिणारं बूश

भाजलेल्या मातीचा कसलाही तुकडा हातात आला की उस्मानचाचा त्याला तोंड लावून विडीचा धूर आत फुंकायचे. पलीकडून धूर निघाला तर म्हणायचे, "ही जित्ती हाय, धोंडू." नाही निघाला तर, "मेली." जुन्नरच्या बाजारात लोक हसायचे. मी नाही हसलो. शाळा मी दुसरीत सोडली, पण चाचांच्या भट्टीचा भाता माझ्याशिवाय कुणी ओढला नाही, हे आजही ठासून सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चाचा पितळ ओतायचे. एकदा बैलाच्या घंटेसाठी केलेल्या साच्याच्या मातीत भाताचं तूस जास्त पडलं. भाजताना तूस जळालं, मातीला बारीक भोकं राहिली. ओतलेलं पितळ त्यांतल्या काही भोकांत शिरलं, काही रिकामीच राहिली. घंटा बिघडली, पण त्या माती-पितळाच्या गोळ्यावर तेल टाकलं की तो पिऊन टाकी. चाचांनी तो कोरून पारगावच्या एका गुऱ्हाळात उसाच्या चरकाला बूश म्हणून, म्हणजे आस ज्यात फिरतो ते कडं म्हणून, बसवला. प्यालेलं तेल आसाला झिरपत राहिलं, आख्खा हंगाम चरक कुरकुरला नाही.

मग काय, गुऱ्हाळवाले दारात. "चाचा, आमालाबी तसलंच पायजे." आणि चाचांना दुसरं जमेना. तूस वाढवलं की माती तडके, कमी केलं की पितळ वरच थिजे.

त्यांची बायको जुबेदाबी धुरानं खोकायची. नाशकात तिच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं. तो दोघांना बोलवत होता.

"एक जमू दे," चाचा म्हणायचे, "मग भट्टीला लाथ मारतो."

"धोंडूभाऊ, ह्यांचा निकाह माझ्याशी झाला का ह्या मातीशी?"

मी म्हणालो, "चाचा, सोडा आता."

"सोडू कसं? येकडाव माझ्याच हातनं झालंय ना!"

दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर माणूस सुटला असता.

एका सकाळी मात्र जमलं. धूर पलीकडं निघाला, तेल मुरलं. जुबेदाबीनं तिथल्या तिथं पेटी भरली. दुपारी मीच ती एसटीच्या टपावर चढवली. चाचा गाडीपाशी आले, हातात नवं बूश.

"अजी, जमलं ना? चढा की."

"जमलं गं. पर ह्या बारीला काय येगळं केलं, त्येच उमगत न्हाई. तू हो म्होरं."

गाडी हलली. जुबेदाबी खिडकीतून मागं बघत होती. चाचा बूश उन्हात धरून त्याच्या भोकांत बघत होते.

नाशकाला ते कधीच गेले नाहीत. काही वर्षांनी भट्टीपाशीच गेले. तिसरं बूश काही झालं नाही.