पाडस निसटलं की!

दिवाळी झाली की आई-दादा ऊसतोडीला जायचे आणि मला शेजारच्या मावशीकडं ठेवायचे. आमच्या घरात तेव्हा लाईटही नव्हती, मावशीकडं मात्र टीव्ही होता. तिला मालिकांचा कंटाळा. ती जनावरांचेच कार्यक्रम लावायची आणि शेंगा फोडता फोडता आफ्रिकेतल्या हरणांशी भावकीतल्यासारखी बोलायची. "पळ गं माय, मागं नगं बघू!" मग सिंहिणीला दम भरायची, "तुलाबी लेकरं हायती, ठाव हाय मला. पर आज न्हाई!"

सिंहीण पाडसाच्या अगदी जवळ आली की मावशी टीव्ही बंद करायची.

"निसटलं का गं?" मी विचारायचे.

"निसटलं की! आईकडं गेलं." एवढं बोलून ती सोललेले दाणे माझ्यापुढं सरकवायची.

पुढं मी शिकले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. नंतर कॅमेरा हातात घेतला. कर्जतच्या माळावर हरणाच्या पाडसामागं लांडगा लागला, ते मी स्वतः टिपलं. कार्यक्रम लागला तेव्हा मी मावशीशेजारीच बसले होते. लांडगा जवळ आला तसा तिचा हात रिमोटकडं गेला.

"मावशी, ऱ्हाऊ दे. मी हुते तिथं."

पाडस गवतात दडून राहिलं. लांडगा पुढं निघून गेला, आणि हरणी पिल्लाला शोधत आली.

मावशीनं माझ्याकडं संशयानं बघितलं. "खरंच निसटलं, का पुढचं तू कापलंस?"

"खरंच निसटलं, मावशी."

मी केलेला पहिला कार्यक्रम मावशीनं शेवटपर्यंत बघितला.