ध्रुव जमिनीला टेकतो तिथे

आई गेल्यावर मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. बँकेतलं हिशेब तपासायचं काम, शाळकरी मुलगी, सदा दौऱ्यावर असणारा नवरा, आणि वर दर दोन महिन्यांनी पुण्याची वारी, हे मला झेपेनासं झालं होतं. बाबा इथेच राहिले असते तर मी सुटले असते. बाबा मात्र म्हणाले, "बघू. ध्रुव दिसला तर राहतो."

ही ध्रुवाची भानगड त्यांच्या लग्नापासूनची. मुहूर्त भर दुपारचा. गुरुजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून "ध्रुव पाहिला म्हणा" असं सांगितलं आणि आईनं मुकाट्यानं तसं म्हटलं. गणित शिकवणाऱ्या बाबांना असली थाप सहन होण्यातली नव्हती. अंधार पडल्यावर ते आईला कार्यालयाच्या गच्चीवर घेऊन गेले आणि खरा ध्रुव दाखवला. तेव्हापासून जेवणं झाली की दोघं गच्चीवर. पावसाळा सोडला तर खंड नाही. भांडण झालेलं असलं तरी जायचे, फक्त बोलायचे नाहीत.

बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटला उत्तरेकडे एकच खिडकी, स्वयंपाकघराची, आणि तिच्यासमोर दुसरा ब्लॉक. मग आम्ही कारपार्कच्या गच्चीवर जायला लागलो. फॉइल संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी बाबांनी घेतली, तिला लेकीचा कोनमापक चिकटवला आणि दोऱ्याला बटण बांधून ओळंबा सोडला. जुने ज्योतिषी असेच नळीतून ध्रुवाचा वेध घेत, नळी जितकी वर उचलावी लागे तितके त्या गावाचे अक्षांश, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. पुण्यात ती साडेअठरा अंश उचलावी लागली असती. इथे जवळजवळ आडवीच धरावी लागे, आणि आडव्या नळीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत.

"आजोबा, टू लो लाह!" एवढं इथल्या पोरांच्या बोलीत बोलून लेक घरी पळाली.

ऑफिसातून आल्यावर रोज मी त्यांच्याबरोबर उत्तरेकडे तोंड करून उभी. पाय भरून यायचे, घरी भांडी तशीच पडलेली असायची. बाबांचा तास चालूच. आकाश का फिरतं हे जुन्या लोकांनी खळ्यावरून समजावलं होतं म्हणे. खळ्याच्या मधोमध खांब रोवलेला, तीच मेढ. मळणीचे बैल तिला बांधलेले, ते तिच्याभोवती फिरत राहतात. ध्रुव ही मेढ, तारे हे बैल, आणि त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या वाऱ्याच्या. मी हं हं करत फोनवर ऑफिसचे मेल वाचायची.

शेवटी एका शनिवारी मी त्यांना मेट्रो बदलत बदलत पुंगोलच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे उत्तरेला इमारत नाही, नुसतं पाणी आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोरचे दिवे. अंधार पडला, नशिबानं ढगही नव्हते. सप्तर्षी उलटे टांगल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्यातले ध्रुव दाखवणारे दोन तारे सरळ खाली, त्या दिव्यांच्या धुरकट उजेडात, बोट दाखवत होते. बाबा नळीला डोळा लावून उभे राहिले ते हलेचनात.

माझा धीर सुटला. "बाबा, हा फोनमधला आकाशाचा नकाशा बघा. ध्रुव पार जमिनीला टेकलाय. इथून तो दिसणारच नाही, कधीच नाही."

"ठाऊक आहे मला," त्यांनी नळी खाली घेतली. "विषुववृत्तावर जुन्यांनी एक गाव मानलं होतं, लंका नावाचं. तिथे उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकतात, दिवस आणि रात्र बारा महिने सारखी, सगळे तारे उगवतात आणि सगळे मावळतात. इकडे न येता त्यांनी गणितानं काढलं हे. आपण त्या लंकेच्या शेजारीच आहोत. वर्गात मीच शिकवायचो की."

मला रागानं रडू फुटलं. "मग महिनाभर मला का फिरवलंत?"

ते कठड्याला टेकून उभे राहिले. "गणितानं तर तुझी आई गेली हेही कळतं गं मला," ते म्हणाले. "तरी जेवून हात धुतले की मी दारात थांबतो, ती येईल म्हणून."

मी डोळे पुसले.

"मेढच आडवी पडलीय इथे," ते म्हणाले. "माझं तिकीट काढ."

म्हणजे पुन्हा ते विमान, पुन्हा ती रजा, पुन्हा दर फोनला छातीत धस्स. भांडायला हवं होतं. पण मी इतकी दमले होते की तिथल्याच बाकावर बसून फोन उघडला. मुंबईचं रात्रीचं विमान मिळालं. खिडकीजवळची सीट घेऊ का, असं त्यांना विचारलं.

"उजवीकडची घे," बाबा म्हणाले. "जाताना हळूहळू वर येईल तो."