घुमटावरचा डाग

लखनौला मी जुने कागद दुरुस्त करण्याचं काम करत असे. नवऱ्याची नोकरी संशोधन संस्थेत, मुलं शाळेत. रिकामं बसण्यापेक्षा हे शिकून घेतलं होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल.

एक निवृत्त मास्तर जेरुसलेमचं चित्र घेऊन आले. एकोणिसाव्या शतकातलं, दगडावरून छापलेलं, नुसत्या काळ्या शाईचं. तटबंदी, मुसलमानांच्या पवित्र वास्तूचा घुमट, खाली बायबलमधली इंग्रजी ओळ. त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा साहेबाच्या लिलावात घेतलेलं.

"छापा ईसाइयों ने, शहर यहूदियों का भी, और टँगा हमारे यहाँ," ते हसले. "छत टपकी, भीग गया. दाग़ निकल जाएँगे, मैडम?"

"निकल जाएँगे."

कोपऱ्यात थेंब टाकून शाई टिकते का ते पाहिलं आणि ओलीचे पिवळे डाग धुऊन काढले. घुमटावर मात्र बोटाएवढा तेलकट, तपकिरी डाग होता. तो पाण्याने हलेना. तीन दिवस रसायन लावून, टीपकागद दाबून दाबून तो उपसला. काम झकास झालं म्हणून मी खूश होते.

मास्तर न्यायला आले. त्यांनी चित्र उजेडाकडे धरलं, घुमटाशी बोट नेलं आणि थांबले.

"यहाँ एक निशान था."

"तेल का था. काग़ज़ दबा-दबाकर बड़ी मुश्किल से निकाला."

"अम्मी का था. रोज़ छूकर आँखों से लगाती थीं. उन्हीं की वजह से अब्बा ने शीशा नहीं लगवाया. वहाँ जाना तो उनका हुआ नहीं."

आमच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या पायांवर कुंकवाचा थर साचलाय. तो पुसायचं माझ्या कधी मनात आलं नाही. इथे मात्र विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"वो काग़ज़, जिसने तेल सोखा?"

"फेंक दिया."

त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. "हमारी बड़ी बहन, बाजी, ईद पर आएँगी. आते ही पहले इसी को छूती हैं."

"कह दीजिए, मैंने मिटाया."

"आपका नाम क्यों लूँ? कहूँगा, बारिश में गया."

नको, खरं सांगा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पावतीवर सही घेतली आणि चित्र कागदात गुंडाळून दिलं.