बारा की तीन

निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो. फळ्यावर अर्धं सोडवलेलं समीकरण होतं आणि हातात खडू. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मास्तर, तुमच्या जव्हारकडचा माणूस आलाय." बाहेर व्हरांड्यात सोमाचा धाकटा मुलगा टोपी हातात धरून उभा होता. त्याला पाहूनच मला कळलं. "काका, बा गेला," तो म्हणाला. "दुपारचा जेवून पडवीत आडवा झाला, तो उठलाच नाय..." मी त्याला घरी नेलं, जेवू घातलं, परतीच्या मोटारीत बसवून दिलं. मग एकटा बसलो. तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं ते आज महिन्याभराने लिहायला मला संकोच वाटत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख होतंच, ते अजूनही आहे. पण भातकापणीच्या थोडं आधी मी सोमाला भेटून आलो होतो, आणि उभ्या जन्मात जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्या भेटीत विचारून आलो होतो. ती भेट व्हायच्या आधी सोमा गेला असता तर... तो विचार आजही मी पुरा करत नाही.

सोमा आणि मी दोघेही साखरशेतचे. आमच्या घरांमध्ये एक अंगण आणि शेतांमध्ये एक बांध. दोन्ही घरांत नागली आणि भात पिकायचं, अक्षर मात्र कुणालाच येत नव्हतं. शाळा जव्हारला, संस्थानच्या राजधानीत. सकाळी भाकरी बांधून आम्ही पठारावर चढून जायचो आणि संध्याकाळी वाटेवरच्या झाडांना दगड मारत परत यायचो. घरी बोलायचो ती बोली वेगळी होती. पुस्तकातली मराठी आम्ही जवळजवळ परक्या भाषेसारखी शिकलो. वाचनात आमचे उच्चार ऐकून गावातली मुलं हसायची. गणिताच्या तासाला कुणी हसायचं नाही. आकड्यांना बोली नसते असं आम्हाला तेव्हा वाटायचं, म्हणून आम्ही दोघं गणितावर तुटून पडायचो. आमचे भिकाजी गुरुजी म्हणायचे, "ह्या दोघांना वेगवेगळं बसवा रे, नाहीतर एकाच डोक्याची दोन उत्तरं मला तपासावी लागतात."

शेवटच्या वर्षी बातमी आली की दरबार एका मुलाला इंग्रजी शिकायला बाहेर पाठवणार आहे, राहण्याजेवण्याच्या खर्चासकट. एकाच मुलाला. परीक्षा घ्यायला बाहेरून एक साहेब आले. त्यांनी फळ्यावर गणितं लिहिली, आम्ही पाटीवर सोडवली. बाकीची मुलं मागे पडत गेली आणि सोमाची नि माझी उत्तरं सारखीच येत राहिली. मग साहेबांनी शेवटचं गणित लिहिलं. ते मी अजून डोळे मिटून पाहू शकतो: २४ ÷ ४ × २. एवढंच. मी वाचत गेलो तसं करत गेलो. चोवीसला चाराने भागलं, सहा. सहाला दोनाने गुणलं, बारा. सोमाच्या पाटीवर तीन होतं.

साहेबांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, "तीन कसं काढलंस?" सोमा घाबरला नाही. म्हणाला, "चार घरं, घराघरात दोन चुली. म्हणजे चुली आठ. चोवीस टोपल्या आठ चुलींत वाटल्या, एका चुलीला तीन." हे समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. आमच्या खळ्यावर सामाईक धान्याची वाटणी माणसांवर होत नाही आणि घरांवरही होत नाही, ती चुलींवर होते. लग्न झालेल्या मुलाने त्याच घरात वेगळी चूल मांडली की त्या हंगामापासून त्याची टोपली वेगळी. म्हणून वाटणीला बसायच्या आधी म्हातारी माणसं चुली मोजून घेतात. सोमाला भागाकाराचं चिन्ह दिसलं आणि त्याने आधी चुली मोजल्या. आमच्या पाड्यावरच्या कुठल्याही मुलाने तेच केलं असतं. मी का केलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

साहेब मोठ्याने हसले. "अरे, ही परीक्षा आहे, खळं नाही!" सगळा वर्ग हसला. भिकाजी गुरुजी हात जोडून पुढे झाले. "साहेब, एका जुन्या अंकगणितात गुणाकार आधी उरकून घ्यावा असं दिलेलं आहे. त्या हिशेबाने पोराचं..." साहेबांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "गुरुजी, पुस्तक जुनं असेल. परीक्षा आजची आहे." आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

घरी परतताना सोमा पुढे चालत होता. मला वाटलं तो रडत असेल. पण तो एकदम वळला आणि म्हणाला, "काशा, चुली आधी मोजायच्या का नाय? तू सांग."

"मला काय ठाऊक? बारा बरोबर म्हणाले ना ते."

"ते बोलले म्हणून बरोबर? उद्या ते बोलतील खळ्यावर आधी टोपल्या वाटा नी मग चुली मोजा, तर मोजशील?"

सबंध वाट आम्ही भांडलो. त्याने काटकीने धुळीत ते गणित पुनःपुन्हा लिहिलं. साखरशेत येईपर्यंत तो फक्त उत्तराबद्दल बोलला. बाहेर जायचं, शिकायचं, कोण जाणार, कोण राहणार, याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली, पण तिचा अर्थ मी पुढे कितीतरी वर्षं उलटा लावला.

मी गेलो. दरबारच्या खर्चाने हायस्कूल झालं, मग पुण्याला कॉलेज. आमच्या घराण्यात, आमच्या पाड्यात, पदवी घेणारा मी पहिला. ज्यांनी मला शिकवलं त्या सगळ्यांचे उपकार मी रोज आठवतो, आणि हे लिहिताना त्या हसऱ्या साहेबांबद्दलही माझ्या मनात राग नाही. सोमाने मात्र नांगर धरला. काही वर्षांनी मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर शाळा निघाली, शिकवायला कुणी जाईना, तेव्हा सोमा तिथे गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या घराची पडवी हीच शाळा.

कॉलेजात असताना मला वाचनालयात अंकगणिताची दोन जाडी इंग्रजी पुस्तकं सापडली. एकात लिहिलं होतं, भागाकार-गुणाकार डावीकडून ओळीने करा. दुसऱ्यात, गुणाकार आधी. दोन्ही मोठ्या विद्वानांची. मी आमच्या प्रोफेसरांना ते गणित दाखवलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "नापास करायचंच असेल तर ज्याने हे असं लिहिलं त्याला करा. कंस कुठाय?" त्या सुट्टीत मी घरी पोचलो तो पिशवी ठेवून थेट सोमाच्या पाड्यावर गेलो. तो छपरावर बसून पेंढा सारखा करत होता. मी खालूनच ओरडलो, "सोमा, तुझं उत्तर चूक नव्हतं!"

"कधीचं बोलतोय मी!" तो वरून म्हणाला. "नी तुझं?"

"माझंही चूक नव्हतं."

"असं कसं? एका बैलाला दोन शेपट्या असत्यात काय रं?"

मी त्याला कंसाचं सांगितलं. आधी काय करायचं त्याच्याभोवती कंस घातला की भांडण उरत नाही. ते ऐकून तो खाली उतरला. कंस त्याला फार आवडला. "म्हणजे गडगा," तो म्हणाला. आमच्याकडे शेताभोवती दगडांची भिंत रचतात तिला गडगा म्हणतात. त्या दिवसापासून त्याच्या शाळेत कंसाला गडगाच म्हणायचे, आणि गडगा घातल्याशिवाय गणित लिहिलं तर सोमा मास्तर पाटी पुसून टाकायचे. मी नोकरीला लागल्यावर त्याला पुस्तकं पाठवायचो तर त्याचा निरोप यायचा, "पुस्तकं पाठव, पण मागची उत्तरांची पानं फाडून पाठव. पोरांची भांडणं बंद पडतात."

पण आमचं भांडण काही त्याने बंद केलं नाही. दरवर्षी मोखाड्याच्या बोहाड्याला, त्या सोंगांच्या जत्रेला, आमची भेट व्हायची. देवांचे नि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे रंगवून वाळत ठेवलेले असायचे, आणि त्यांच्या पलीकडून सोमाची हाक यायची, "काशा, किती आलं?" मी म्हणायचो, "बारा." तो म्हणायचा, "तीन!" आसपासची माणसं हसायची, मीही हसायचो. पण दरवर्षी ते हसणं मला जड होत गेलं. माझ्या पायात बूट आले, नाशिकला घर झालं, लोक मला रावसाहेब म्हणू लागले. सोमा अनवाणीच होता. त्याच्या त्या "तीन"मध्ये मला दुसरंच काही ऐकू यायला लागलं... त्या दिवशी माझं तीन धरलं असतं तर आज तुझ्या जागी मी असतो. तो बोलत नव्हता, पण मला ऐकू येत होतं. कुणी माझा सत्कार केला, शाल घातली, की त्या शालीखाली मला तेच गणित टोचायचं. एका माणसाने कंस घातला नाही, एवढ्यावर दोन आयुष्यं दोन बाजूंना गेली. सोमाने ते मनात धरलं असेल का, हा एकच प्रश्न माझ्यासाठी उरला होता, आणि तो विचारायची मला भीती वाटायची.

त्या शेवटच्या भेटीला मी गेलो तेव्हा सोमा खोकल्याने खंगला होता. मुलं शेतावर राखणीला गेलेली, म्हणून शाळा सुटीवर. तो पडवीत फळ्याखाली घोंगडी टाकून पडला होता. मला पाहून बारीक आवाजात म्हणाला, "काशा, किती आलं?"

त्या दिवशी मी बारा म्हणालो नाही. त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "सोमा, खरं सांग. तेव्हा तुझं उत्तर धरलं असतं तर तू गेला असतास आणि मी इथं राहिलो असतो. दरवर्षी तू मला त्याची आठवण करून देतोस... तुझ्या मनात आहे का ते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठं गेलो असतो?"

"शिकायला. दरबारच्या खर्चाने."

"हां... ते होय!" मग त्याने मान वळवून आत हाक मारली. "अगं जानकी, ऐक, हा म्हातारा काय बोलतोय! मी ह्याला शिष्यवृत्तीपायी टोचतो म्हणं!"

जानकीवहिनी चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "भावोजी, इतकं शिकून तुम्ही हेच शिकलात काय हो? ह्यांच्या तोंडून शिष्यवृत्ती मी कधी ऐकली नाय. ते चोवीस मात्र झोपेतसुद्धा बरळतात."

"मी उत्तराचं बोलतो, काशा," सोमा म्हणाला. "नुसतं उत्तराचं. तीन बरोबर हाय, म्हणून तीन बोलतो."

"कधीच वाईट वाटलं नाही?"

"वाटलं ना. पहिला एक पावसाळा वाटलं. नांगर धरला की तुझी आठवण यायची नी तोंडात शिव्या यायच्या. मग इकडं आलो, पोरं पडवीत बसाय लागली. शिव्या द्यायला वेळ कुणाला होता?" आणि मग डोळे बारीक करून, "पण तू इतकी वर्षं इचारलं का नाय?"

"भीती वाटायची."

"कशाची?"

"तू हो म्हणशील याची."

तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. वहिनी पाणी घेऊन धावत आल्या, मला म्हणाल्या, "मारता काय त्यांना!" उबळ थांबल्यावर त्याने डोळे पुसले. "आता बोल. किती?"

"बारा."

"तीन," तो म्हणाला आणि समाधानाने पाठ टेकली. नंतर आम्ही नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण जेवलो. परतताना घाटात मोटार वळणं घेत होती आणि मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं. इतकं हलकं मला पदवी मिळाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तो गेल्यावर सगळं उरकलं तेव्हा मी पाड्यावर जाऊन आलो. पडवीत शाळा भरली होती. सोमाचा थोरला मुलगा आता मुलांना शिकवतो. फळ्यावर गणितं होती, प्रत्येकाला गडगा घातलेला. घोंगडी घडी करून फळ्याखाली ठेवली होती. जानकीवहिनींनी मला पाणी दिलं, आम्ही दोघं उंबऱ्याशी बसलो. मग त्याच एकदम म्हणाल्या, "किती आलं, भावोजी?"

मी म्हणालो, "तीन."

वहिनी रागावल्या. "असं नका करू. तीन बोलायचं त्यांचं काम. तुम्ही तुमचं बोला."

मी घसा साफ केला आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "बारा."

पडवीतून सगळी मुलं एका सुरात ओरडली, "तीन!"