पपईचा देठ

नात समुद्रात मासे बघायला निघाली होती. बॅग भरताना तिनं श्वास घ्यायची रबरी नळी गमतीनं माझ्या तोंडात दिली, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या पपईच्या चिकाची कडू चव जिभेवर आली.

वळसंगच्या आमच्या विहिरीत पोहताना आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, गळ्यातला चौका, लिंग ठेवायची चांदीची डबी, निसटून तळाला गेला. आम्ही लिंगायत; लिंग अंगावर नाही तोवर आप्पा पाण्याचा थेंबही घेईनात. दुसऱ्या दिवशी ते सुकल्या ओठांनी विहिरीच्या पायरीवर बसलेले. मी पंधरा वर्षांची. पपईचा पोकळ देठ दातांत धरला, नाक चिमटलं आणि गार पाण्यात तोंड घालून तळ न्याहाळत राहिले. कपारीत चांदी चमकली तशी देठ सोडून बुडी मारली.

"सिक्तु!" सापडलं, असं कानडीत ओरडतच वर आले. आप्पांनी माझ्या मुठीकडं बघितलंसुद्धा नाही.

"आदी भाईर ये की!"

असा राग आला मला! मग लिंग बांधून ते तांब्याभर पाणी घटाघट प्याले.

काल नातीचा फोन आला. "आजी, काय काय दिसलं सांगू?"

"ते राहू दे. बाहेर आलीस ना?"