सरांनी सांगितलेलं माझं मत

माझे भावोजी कॉलेजात कादंबरी शिकवतात. म्हणजे कादंबरीवरचा निबंध शिकवतात. कादंबरी उघडायची वेळच येत नाही. तास सुरू झाला की ते खिडकीकडे तोंड करून सांगायला लागतात. प्रास्ताविक पाच ओळी. नायिकेनं घर सोडण्याची कारणं तीन: आर्थिक, सामाजिक, मानसिक. प्रत्येक कारणाखाली एक अवतरण, त्याखाली विवेचन. मग आवाज जरा खाली येतो. "आता नवा परिच्छेद. शीर्षक, 'माझे मत'. लिहा, माझ्या मते..." आणि अख्खा वर्ग माना खाली घालून आपापलं मत उतरवून घेतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, माझं मत परत सांगता?" भावोजी परत सांगतात. कष्टाला माणूस कधी मागे हटला नाही.

निकाल उत्तम लागतो. पालक खूश, प्राचार्य खूश. गावभर ते 'निबंध सर' म्हणूनच ओळखले जातात.

घरीही तास चालूच असतो. पडद्याच्या दुकानात माणूस ताईला रंग विचारतो आणि भावोजी उत्तर देतात, "हिच्या मते फिकाच बरा." एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय? भावोजी म्हणाले, "हिचं म्हणणं, डावीकडे." माझी थोरली बहीण उजवी कूस धरून मुकाट बसली होती. मला तेव्हा भावोजींना तिथल्याच पलंगावर आडवं करावंसं वाटलं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होते. भावोजींनी कॉलेजातला किस्सा काढला. एका मुलीनं 'माझे मत' खाली लिहिलं होतं, 'नायिकेनं घर सोडलं ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही.' भावोजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "तीन वेळा सांगूनसुद्धा! दिला भोपळा!" मीही हसले. ताई वाढत होती.

दुसऱ्या दिवशी ताई बॅग घेऊन माझ्या दारात उभी.

मी तिला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आईला फोन केला, मामाला केला, आत्येलाही कळवलं: ताई राबून थकली आहे, तिथे तिला किंमत नाही, आणि आता ती परत जाणार नाही. ताई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती. ती परत गेली तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, असं वाटायचं.

रविवारी भावोजी आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात. सोफ्याच्या कडेवर बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "मी नीट विचार केला. तू घर सोडण्याची कारणं तीन."

देवाशपथ, बोटावर मोजली त्यांनी. पहिलं कारण, दुसरं, तिसरं, सगळ्यांचं विवेचन. मग आवाज खाली आला. "एकूण तुझं मत असं, की थोडा बदल हवा होता. तो झाला. चल आता."

माझं डोकंच फिरलं. "अजिबात नाही! ताईचं मत अगदी स्पष्ट आहे. ती येणार नाही, आणि का येणार नाही ते मी सांगते तुम्हाला..."

"झालं दोघांचं?" ताईनं विचारलं.

ती खुर्ची ओढून बसली, सावकाश.

"जायचं की राहायचं," ती म्हणाली, "मला अजून कळलेलं नाही."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे त्या मुलीनं लिहिलं होतं," ते पुटपुटले. "मी तिला भोपळा दिला."

"हो. म्हणून तर घरातून निघाले," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि इथे येऊन बघते, तर इथेही तोच तास."